गणवेशाचा नारळ

मी हा प्रवास चांगल्या मनानं केला नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक कोकणात जातात ते समुद्र बघायला, मासे खायला, नाहीतर देवदर्शनाला. मी गेले ती माझी कॉलेजातली मैत्रीण सुरेखा जिंकते तरी कशी ते बघायला, आणि जमलं तर पुढच्या खेपेला ती हरावी अशी इच्छा पोटात धरून. महाड-पोलादपूरकडे तसाही समुद्र नाही. डोंगर आहेत, सावित्री नदी आहे आणि सुरेखा आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी शारीरिक शिक्षणाच्या बाई झालो. मी ठाण्यातल्या एका मोठ्या शाळेत लागले, ती आपल्या तालुक्यात परत गेली. दोघीही मुलींना चिअरलीडिंग शिकवतो. चौकार गेला की मैदानाच्या कडेला नाचतात ते नव्हे. शाळांच्या स्पर्धा असतात, त्यात कोलांट्या, उड्या, घोषणा आणि एकमेकींच्या अंगावर चढून रचलेले मनोरे, सगळं अडीच मिनिटांत करायचं असतं. माझ्या शाळेत त्यासाठी आरशांचा हॉल आहे, जाड मॅट आहेत, एसीसुद्धा आहे. सुरेखाच्या शाळेत लाल मातीचं पटांगण आहे आणि पेंढा भरलेल्या गाद्या. विभागीय स्पर्धेत तिचा संघ पहिला आला, माझा दुसरा. दोन्ही संघ राज्यावर जाणार होते. बक्षीस घेताना तिनं मला मिठी मारली तेव्हा मी हसले, पण घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

आणि मग तिचा फोन आला. "मंजू, तुझ्या मदतीची गरज आहे गं. आमच्या वाडीनं मुलींना अडवलंय."

झालं होतं असं, की वाडीतल्या कुणीतरी मुंबईहून गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. गेल्या वर्षीच्या राज्यस्पर्धेतला एक संघ, आखूड स्कर्ट, पोट उघडं राहील असा टॉप. खाली लिहिलं होतं, आपल्या पोरीपण आता अशाच नाचणार काय? त्यावर वाडी पेटली. सुरेखाच्या संघातल्या चौदापैकी सहा मुली त्या एका वाडीतल्या. वाडी नाही म्हणाली तर संघच उरत नव्हता.

"कुणाचा व्हिडिओ होता?" मी विचारलं.

ती जराशी घुटमळली. "तुमचाच."

रविवारी वाडीची बैठक होती. मी येऊन लोकांना समजवावं, असं तिला वाटत होतं. मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर आरशात बघितलं तर मी हसत होते.

वीर आणि महाड

शुक्रवारी दुपारी वीरला उतरले. स्टेशन छोटं, बाहेर पाचसहा रिक्षा, आणि फेब्रुवारी असूनही ऊन चांगलंच चटका देणारं. रिक्षात आधीच तिघं बसलेली. चौथी मी आणि माझी बॅग. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं, मी महाड म्हटलं, आणि पुढे पोलादपूरला सुरेखाकडे.

"मंग बाईंच्या पाहुण्या तुमी," तो म्हणाला. "बसा पुढं, बॅग मी पायाशी घेतो. माझी भाची हाय त्यांच्याकडं. पैली घरात बोलायची नाय, आता कुणाला बोलू देत नाय."

ठाण्यात मी सतरा वर्षं शिकवते आहे. माझ्या शाळेसमोरच्या रिक्षावाल्याला मी फक्त मीटरपुरती ओळखीची.

महाडला बस यायला वेळ होता, म्हणून एका खानावळीत शिरले. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी आणि सोलकढी. आमच्याकडे बिरड्याला गूळ जरा हात सैल सोडून घालतात. इथं मिरची जास्त आणि खोबरं भाजलेलं. वाल मात्र असे, की एकेक सोललेला दाणा अख्खा आणि तोंडात गेल्यावर लोणी. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाकडे आलात? मी या खेपेला सुरेखाचं नाव सांगितलं नाही.

बसला अजून अवकाश होता. चवदार तळ्यावर जाऊन बसले. मार्चमधली गर्दी लांब होती, तरी माणसं येतच होती, दोघं-चौघं करून. पायऱ्या उतरायची, पाण्याला हात लावायची, काही जण ओंजळभर तोंडाला लावायची, आणि वर येऊन जरा वेळ नुसती बसायची. नगरहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यातल्या बाईंनी आपल्या मुलीला खाली नेऊन तिचा हात पाण्यात धरला. मीही उतरले, हात लावला आणि वर आले. तेवढा वेळ मला सुरेखाची आठवण झाली नाही.

पोलादपूर

सुरेखा एसटी स्टँडवर स्कूटर घेऊन उभी होती. केस पिकलेत, रंगवत नाही. काळवंडली आहे, आणि तरीही माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान दिसते. हे मला स्टँडवरच दिसलं आणि मी मनातल्या मनात नोंद करून ठेवली.

शनिवारी सकाळी तिचा सराव बघितला. मी वही-पेन घेऊन गेले होते. काहीतरी गुपित सापडेल, अशी आशा होती. तंत्र म्हणावं तर माझ्या मुली कितीतरी सफाईदार. सुरेखाच्या मुलींच्या कोलांट्या वाकड्या, पाऊल सरळ नाही. पण मनोरा उभा राहिला की हलत नाही. खालची प्राची, दहावीतली, रुंद बांध्याची, संघाची कॅप्टन. वरची तन्वी, आठवीतली, चिमणीएवढी. तन्वी प्राचीच्या गुडघ्याच्या वर पाय देऊन चढते, तिथून खांद्यावर, तिथून प्राची आणि तिच्या शेजारची अशा दोघींच्या हातांवर. चढताना ती खाली बघत नाही. माझी वर चढणारी मुलगी दर वेळी खाली बघते.

मग मी आणखी एक गोष्ट पाहिली. मनोरा एकदा घसरला. सुरेखा म्हणाली, "प्राची, तू गुडघा आत घेतेस." तर प्राची म्हणाली, "नाय बाई, चूक तुमची हाय. तुम्ही टाळी लवकर दिली." बाकीच्या मुलींनी माना डोलावल्या. आणि सुरेखा चक्क म्हणाली, "बरं, परत घेऊ."

माझ्या हॉलमध्ये असं कुणी बोललं असतं तर मी तिला बाकावर बसवलं असतं. वहीत लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. वही मिटून पिशवीत टाकली.

गणवेशाचा पेच मला तिथंच नीट कळला. मुली शाळेच्या ट्रॅकपँटमध्ये सराव करत होत्या. ट्रॅकपँट सैल, चढणारीचा पाय तिच्यात अडकतो. गेल्या महिन्यात तन्वी अशीच पडली होती, हनुवटीवर अजून खूण आहे. वाडीचं म्हणणं, पोरींनी अंगभर ट्रॅकसूटच घालावा. प्राचीचं म्हणणं, खाली उभ्या राहणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या वर राहणारी घट्ट हाफ पँट लागते, कारण लेगिंगचं कापड गुळगुळीत, त्यावरून बूट सरकतो. आणि तन्वीच्या वडिलांचं म्हणणं, ते डोंबिवलीला असतात, त्यांच्या मुलीनं घोट्यापर्यंत लेगिंगच घालायची, नाहीतर खेळ बंद. तन्वीला त्यात अडचण नव्हती. तिच्या पायावर कुणी चढत नाही.

"म्हणजे खालच्यांना हाफ पँट, वरच्यांना लेगिंग," सुरेखा म्हणाली. "रंग एक, टॉप एक. मुलींनीच ठरवलंय. तासभर भांडल्या माझ्याशी. तुमच्यासारखा टॉप मात्र एकीलाही नको." मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली.

मी म्हटलं, "असू दे."

शिवथर

दुपारी तिनं मला शिवथरला समर्थांची घळ बघायला नेलं. स्कूटरवरून तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरं, बांधांवर वालाच्या सुकलेल्या वेली. आमच्या ठाण्यात रस्त्याला लागलं की माणूस तोंड मिटतो. इथं दर दोन किलोमीटरवर कुणीतरी हात करायचं आणि सुरेखा स्कूटर हळू करून विचारायची, आईचं ऑपरेशन झालं का, वासरू उभं राहिलं का. मी मागे बसून पाहुण्यासारखी हसत होते. गाल दुखले.

घळीत गार होतं. पावसाळ्यातला धबधबा आता नळाएवढा उरला होता. समर्थांना नमस्कार करून आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. तिथं खिचडीचा प्रसाद मिळाला, गरम, पिवळीधमक, वर लोणच्याची एकच फोड. खाता खाता सुरेखानं पर्समधून घडी केलेला कागद काढला. राज्यस्पर्धेची नियमावली.

"एवढंच सांग," ती म्हणाली. "इथं लिहिलंय, संघाचा गणवेश एकसारखा असावा. म्हणजे लांबीसुद्धा? प्रशिक्षकांची सभा झाली तेव्हा मला मुलींच्या परीक्षेमुळे येता आलं नाही. तू होतीस ना."

मी होते. पहिल्या रांगेत बसले होते. एका बाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि मंचावरून स्वच्छ उत्तर आलं होतं: रंग आणि नक्षी एक हवी, लांबी ज्या मुलीची तिला सोयीची; सैल कपडा, ओढणी आणि दागिने तेवढे चालणार नाहीत. मी ते ऐकून माझ्या संघासाठी काही बदललंही नव्हतं. ज्यांचा नंबर येतो ते संघ आखूड स्कर्ट घालतात, म्हणून मीही तोच शिवून घेतला होता.

माझ्या हातात खिचडीचा द्रोण होता. समोर ही बाई, जिला रस्त्यावरचं वासरूसुद्धा ओळखतं.

"हो," मी म्हटलं. "सगळं एकसारखं लागतं. लांबीसुद्धा. नाहीतर बाद करतात."

 तिनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. येताना तिनं कुणाला पाहून स्कूटर थांबवली नाही, आणि मला आधी बरं वाटलं.

संध्याकाळी तिच्या अंगणात वाडीतल्या त्या सहा मुली जमल्या. सुरेखानं त्यांना सांगितलं.  मग एक म्हणाली, सगळ्यांनी लेगिंग घालू. प्राची म्हणाली, आणि मी घसरले तर तन्वी कुठं पडंल, तुझ्या डोक्यावर? दुसरी म्हणाली, मग सगळ्यांनी हाफ पँट. तन्वी खाली मान घालून बसली होती. तिच्या वडिलांचं सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी तीच म्हणाली, "मी नाय येत. तुमी जावा. साक्षीला वर चढवा, तिच्या घरी चालतंय."

साक्षीला उंचीची भीती वाटते, हे मी एका सकाळच्या सरावात ओळखलं होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. तन्वी उठून घरी गेली. मी ओट्यावर बसून चहा पीत होते. मला वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. पण मी बोललेही नाही. चहा संपवला आणि कप आत नेऊन ठेवला.

वाडीची सहाण

रविवारी सकाळी मी माझी जांभळी रेशमी साडी नेसले. शहरातली पाहुणी, खेळातली जाणकार, सभेत बोलायचं. मी तशी तयारीनंच गेले होते. सुरेखानं साडीकडे पाहिलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

पोलादपूरहून वर चढून गेलं की वाडी. चाळीसएक घरं, त्यातली निम्मी कुलपं लावलेली. माणसं मुंबईला, ती होळी-गणपतीला उघडतात. देवळासमोर दगडी चौथरा आहे, शिमग्यात पालखी बसते तो. त्याला सहाण म्हणतात आणि वाडीचा जो काही निवाडा व्हायचा तो तिथंच. पुरुष पुढे, बायका आंब्याखाली. मध्ये स्टीलच्या तांब्याला टेकवून एक मोबाइल ठेवलेला, त्यावर व्हिडिओ कॉलवर वाडीचं मुंबईचं मंडळ. तन्वीचे वडीलही त्यातच होते.

वाडीचे मुख्य म्हणजे आप्पा, सुरेखाचे चुलते. सत्तरीचे, पांढरी टोपी, आवाज बारीक. त्यांनी मला खुर्ची दिली. बाकी सगळे खाली बसलेले, खुर्ची एकच. मी साडीच्या निऱ्या नीट करून बसले.

आणि मग तन्वी आली. केस विंचरलेले, डोळे सुजलेले, दोन्ही हातांत नारळ. ती सरळ माझ्या दिशेनं चालत आली. आता आमच्याकडे शाळेत, संमेलनात, सोसायटीच्या पूजेला, पाहुणा म्हटला की शाल आणि नारळ. एखादी छोटी मुलगी पुढे येते, आपण उभं राहायचं, नारळ घ्यायचा, तिच्या पाठीवर हात ठेवायचा, फोटो. मी उभी राहिले. दोन्ही हात पुढे केले, तिच्या हातातून नारळ घेतला, मान तुकवून "धन्यवाद बाळा" म्हटलं आणि पाठीवर हात ठेवला.

 तन्वी माझ्याकडे बघतच राहिली. मग आंब्याखाली एक बाई फिस्सकन हसली आणि पाठोपाठ सगळ्याच. सुरेखानं कपाळाला हात लावला.

नारळ माझ्यासाठी नव्हता. माझ्या खुर्चीमागे देवळाचा उंबरा होता, तिथं तो ठेवायचा होता. वाडीची रीतच तशी: ज्याला गावाकडे काही मागायचं आहे त्यानं स्वतः नारळ आणायचा, हातात धरून उभं राहून आपलं म्हणणं सांगायचं आणि मगच देवापुढे ठेवायचा. सगळ्यांचं पटलं तर नारळ फुटतो, नाही पटलं तर तसाच परत न्यायचा. दुसऱ्यानं कुणाच्या वतीनं बोलायचं नाही, बापानं मुलाच्या नाही, बाईंनी मुलींच्याही नाही. आठवीतली ती मुलगी सकाळी उठून, कुणाला न सांगता, स्वतःचा नारळ घेऊन आली होती. आणि मी तो सत्कार समजून घेतला.

मी परत द्यायला गेले, तर आप्पांनी हात वर केला.

"असा नाय देता येत," ते म्हणाले. हसत होते, पण तेवढ्यावारी सोडणारे नव्हते. "घेतलात ना, मंग आता आधी तुमीच बोला. हातात नारळ हाय तवर खरं तेवढंच बोलायचं. आमच्यात तसंच हाय."

मी घसा खाकरला. ठाण्याहून पाठ करून आलेलं सुरू केलं: हा एक मान्यताप्राप्त क्रीडाप्रकार आहे, जगभर खेळला जातो. दोन वाक्यं झाली असतील, फोनमधून आवाज आला.

"मॅडम, एक मिनिट. मी तन्वीचा बाप बोलतोय. तो व्हिडिओ तुमच्याच टीमचा ना?"

"हो."

"राग नका मानू. तसला ड्रेस तुमच्या पोरींनी मागितलेला काय?"

"नाही."

"मंग कोणी फायनल केला?"

"मी."

"त्यांना विचारलं होतं?"

नारळ जड होता. शेंडीचे काथ्ये तळहाताला टोचत होते. "नाही विचारलं," मी म्हटलं. "ज्यांचा नंबर येतो ते तसे कपडे घालतात. म्हणून मी तसेच शिवले."

"पोरी काय बोलल्या नाय?"

"नाही. माझ्या मुली मला काही बोलत नाहीत."

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. फोनमध्ये कुणीतरी काहीतरी पुटपुटलं.

तेव्हा आंब्याखालून एक म्हातारी उठली. जनीमावशी, प्राचीच्या शेजारची. "आमी आवणाला चिखलात उतरतो तवा लुगडं वर खोचतो का नाय?" ती पुरुषांकडे बघून म्हणाली. "तवा कोण बोललाव नाय, पाय झाका म्हणून. झाकून लावा बघू भात. कामाला जेवढं लागतं तेवढं वर. ह्या पोरींचं काम काय हाय ते ह्या पोरींना ठाव. त्या बोलतात ना, हिला लांब, तिला आखूड. मंग द्या की."

"आमचं नको असं काय म्हणणं नाय, मावशे," आप्पा म्हणाले. "हिला लांब, तिला आखूड, तर बापाचंपण राहतंय नि खेळाचंपण. पण कायद्यात बसत नाय ना. समद्यांचं सारखं लागतं." ते सुरेखाकडे वळले. "होय ना गो?"

"हो आप्पा," सुरेखा म्हणाली. "मंजूनं सांगितलंय. ती सभेला होती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी, जनीमावशीनं, प्राचीनं. तन्वी माझ्या शेजारीच उभी होती, अजून दोन्ही हात रिकामे पुढे धरून, नारळ परत मिळेल म्हणून.

"मी खोटं सांगितलं," मी म्हणाले.

एवढं बोलून थांबता आलं असतं. गैरसमज झाला, चुकीचं ऐकलं, असं काहीही म्हणता आलं असतं. पण हातात तो नारळ होता आणि ती मुलगी.

"लांबी वेगळी चालते. सभेत स्वच्छ सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. सुरेखाला काल मुद्दाम खोटं सांगितलं."

"का गो बाय?" जनीमावशीनं विचारलं. ओरडून नाही, एखादीला ताप का आला विचारावं तसं.

"मला तिचा हेवा वाटतो," मी म्हटलं. "ती जिंकते म्हणून. आणि तुम्ही सगळे तिचे आहात म्हणून."

मला वाटलं, आता लोक उठून अंगावर येतील. तसं काही झालं नाही. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं बिडी विझवली. आंब्याखाली बायका आपसात बोलू लागल्या. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बोललाव ना. आता द्या तो तिचा तिला."

मी नारळ तन्वीच्या हातांत दिला. तिनं तो छातीशी धरला आणि एका दमात म्हणाली, मला लेगिंग घालून वर चढायचं हाय, प्राचीताईला हाफ पँट पायजे, टॉप अर्ध्या बाहीचा नि पँटीत खोचलेला, नि मला राज्यावर जायचं हाय. मग फोनकडे वळून म्हणाली, "बाबा, ऐकलाव ना?" फोनमध्ये खरखर झाली. मग तिचे वडील म्हणाले, "जा गो."

नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ सगळ्यांना वाटला. वाटणारी बाई माझ्यापाशी आली तेव्हा जरा थांबली, मग माझ्या हातावर इतरांएवढाच तुकडा ठेवून पुढे गेली. गोड होता. मी तो शेवटपर्यंत चावत बसले, कारण तोंड रिकामं झालं असतं तर कुणाशी तरी बोलावं लागलं असतं.

दुपारी सुरेखा मला वीरला सोडायला आली.  स्टेशनावर बॅग उतरवून दिली आणि मग म्हणाली, "माझ्याशी खोटं बोललीस ते मी विसरेन मंजू. पण काल ती पोरगी जेवली नाही. ते मला विसरायला वेळ लागेल." मी मान हलवली. तिनं मिठी मारली नाही. स्कूटर वळवून गेली.

परत

मंगळवारी सराव होता. हॉलमध्ये बारा मुली रांगेत उभ्या, आरशात आणखी बारा. मी गेल्या वर्षीचा गणवेश टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आज सराव नाही. आज तुम्ही मला सांगायचं, राज्यावर काय घालायचंय. हेच घालायचं असेल तर हे, दुसरं काही हवं असेल तर दुसरं. प्रत्येकीचं वेगळं असलं तरी चालेल.

कुणी बोललं नाही. मी थांबले. पाच मिनिटं तरी थांबले असेन. एसीचा आवाज येत होता. पोलादपूरच्या पटांगणावर एवढ्या वेळात चार भांडणं होऊन गेली असती.

"हे आवडतं का तुम्हाला?" मी विचारलं. काही माना हलल्या, हो आणि नाहीच्या मध्ये कुठंतरी. "नाही आवडत?" त्याच माना तशाच हलल्या.

शेवटी माझी कॅप्टन, दहावीतली, हुशार, कधी उलट न बोलणारी, एक पाऊल पुढे आली. ती टेबलावरच्या कपड्यांकडे बघत नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, पेपरात आलेल्या, न शिकवलेल्या प्रश्नाकडे बघावं तशी.

"मॅम," ती म्हणाली, "तुम्हाला काय उत्तर हवंय?"